शत्रू म्हणजे आता कच्चा माल काय? टिअर्स ऑफ द किंगडमबद्दल एक शंका

पॅटर्नवाला_उद्यमबाग | २ एप्रिल २०२३

झेल्डा ह्या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला नवा गेम, टिअर्स ऑफ द किंगडम, मे महिन्यात येतोय. मंगळवारी त्याचे निर्माते आओनुमांनी स्वतः खेळून दाखवलेला तेराएक मिनिटांचा व्हिडिओ आला आणि तेव्हापासून माझं डोकं जाग्यावर नाही. सहा वेळा बघून झाला. त्यातला एकदा तर दुपारच्या सुट्टीत, पॅटर्न शॉपच्या बाकावर रंध्याला मोबाईल टेकवून. शंका एकच आहे, पण तिथंवर यायला जरा लांबून यावं लागंल. सांभाळून घ्या.

आधी मी कोण ते. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत पॅटर्न करतो. पंपाची बॉडी म्हणा, व्हॉल्व्हचं घर म्हणा, जे काय ओतायचं असेल त्याचा लाकडी नमुना आधी मी करायचा, मग वाळूत त्याचा ठसा, मग रस. पंधरा वर्षं झाली. त्यामुळं दोन वस्तू एकमेकींना जोडलेल्या दिसल्या की माझी नजर पहिली जोडावर जाते. आमच्या लग्नात मी मांडवाचे नटबोल्ट बघत होतो असं बायको अजून सगळ्यांना सांगते. खरं आहे ते. एक ढिला होता.

तर फ्यूज, म्हणजे हत्याराला दुसरी वस्तू चिकटवायची नवी शक्ती. व्हिडिओत गेमचा नायक लिंक साधी फांदी घेतो, तिला धोंडा चिकटवतो, झाला हातोडा. लांब काठीला दाताळं लावतो, झाला भाला. ढालीला धूर सोडणारं आळंबं लावतो आणि समोरचा खोकत राहतो तवर हा मागनं जातो. आणि बाणाला कीसचा, म्हणजे वटवाघळासारख्या शत्रूचा, डोळा लावला की बाण आपण होऊन शत्रूच्या मागं वळतो. इथं मी व्हिडिओ थांबवला.

कारण २०१७ च्या मागच्या गेममध्ये, ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये, हेच डोळे, बोकोब्लिन ह्या साध्या शत्रूची शिंगं, दात, लायनेल ह्या घोड्याच्या धडाच्या राक्षसाचे खूर आम्ही पोतंभर गोळा करायचो आणि करायचो काय? बेडूक नाहीतर फुलपाखरू सोबतीला घालून कढईत काढा. उरलेलं विकायचं. माझ्याकडं कीसचे डोळेच नव्वदावर पडून आहेत. आता तेच डोळे शस्त्र झाले! वर्षानुवर्षं भंगारच्या कोपऱ्यात पडलेला माल एका दिवसात भावात आला म्हणायचा.

म्हणून माझा अंदाज असा की ह्यावेळी शत्रू हा आधी कच्चा माल, मग शत्रू. मागच्या गेममध्ये हत्यार मोडतं म्हणून लोकांनी सहा वर्षं रडगाणं गायलं. चांगली तलवार मिळाली की ती वापरायची न्हाई, जपून ठेवायची, आणि शेवटी गेम संपला तरी ती पिशवीतच. माझंही तेच झालंय. पण शस्त्र जर आपणच बसून जोडायचं असेल, आणि त्याचा अर्धा भाग समोरच्या गड्याच्या डोक्यावर उगवलेला असेल, तर मोडण्याचं दुःख राहत न्हाई. उलट लांबून बोकोब्लिन दिसला की "शिंग बरं आहे ह्याचं" असं वाटणार. मी आत्तापासूनच जुना गेम लावून असा बघालोय.

आता एक खुटखुटतंय. कास्टिंगमध्ये दोन जाड भाग काटकोनात भेटले आणि त्या कोपऱ्याला गोलाई, आमच्या भाषेत फिलेट, दिली न्हाई, तर थंड होताना चीर तिथनंच जाते. खऱ्या जगात फांदीला धोंडा लावला तर पहिल्याच दणक्याला जोड सुटंल, फांदी जशीच्या तशी राहील, धोंडा बी राहील. गेममध्ये काय मोडणार? फांदी, धोंडा, का जोड? नुसता जोड सुटून धोंडा परत हातात येणार असेल तर मजा आहे. दोन्ही एकदम धूर होऊन जाणार असतील तर परत तेच रडगाणं.

दुसरी गोष्ट भाच्याची. वडगावात असतो, सहावीत, शनिवारी-रविवारी आमच्याकडं पडीक. तो म्हणाला, "मामा, आपल्याला चिकटवता येतंय तर त्यांना का येऊ नये?" आणि गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर चित्र काढून दाखवलं. बोकोब्लिन, हातात सोटा, सोट्याच्या टोकाला विळी, आणि विळी सुतळीनं करकचून बांधलेली. सुतळीचे वेढे सात. मी विचारलं सातच का, तर म्हणाला सहा कमी पडतील. गडी आपल्या धंद्यात येणार.

पोराचं म्हणणं अगदीच हवेतलं न्हाई. २०२१ च्या ट्रेलरमध्ये टेलस ह्या दगडी राक्षसाच्या पाठीवर बोकोब्लिनांनी लाकडी तळ बांधलेला दिसला होता, आठवतंय? चालत्या डोंगरावर चौकी. म्हणजे जोडकाम त्यांना कळतंय. दिवाळीत आमच्या गल्लीतली पोरं किल्ला करतात तेव्हा शेजारच्या गल्लीचा बघून तटबंदी वाढवतात, तसं हे बोकोब्लिन लिंकचं बघून शिकणार असतील तर मी पहिल्या दिवशी दंडवत घालीन.

राहिला अल्ट्राहँड, वस्तू उचलून एकमेकींना चिकटवायची दुसरी शक्ती. ओंडक्याला ओंडका हिरवट डिंकानं चिकटवला, मागं पंखे लावले, तराफा पाण्यात. शिवजयंतीच्या चित्ररथाचा गाडा बांधताना आमची जी भांडणं होतात ती सगळी डोळ्यासमोर आली. पण माझी खरी शंका इथं आहे. मागच्या गेममध्येच सुरुवातीच्या पठारावरून उतरलं की कुणाच्या नादाला न लागता सरळ शेवटच्या शत्रूच्या वाड्यात जाता यायचं. लोकं अर्ध्या तासाच्या आत गेम संपवतात. आता तर उडतं यंत्र बांधायची सोय दिसते. मग खालचे बोकोब्लिन वर बघत बसणार काय? आपल्याला खाली ओढणारं, निदान खाली बघायला लावणारं कायतरी पाहिजे. ते काय असंल?

आणि मागच्या गेममधले गार्डियन, ते यंत्रशत्रू, कुठं गेले? एवढे ट्रेलर आले, एकातही तो पायाळ खेकडा दिसला न्हाई. माझा अंदाज: मोडून खाल्ले. एवढं चांगलं भंगार रानात कोण सोडतंय? शत्रू म्हणून ते परत येणार न्हाईत ह्यावर माझा एक किलो कुंदा (आमची बेळगावची मिठाई) लागला.

१० मेला कर्नाटक विधानसभेचं मतदान, १३ ला मोजणी, आणि मधेच १२ ला गेम. सुट्टी कशाच्या नावावर काढायची हेच कळंना झालंय.

रानवाट_खानापूर | २ एप्रिल, रात्री

दादा, तुम्ही सगळे वर, आकाशातल्या नव्या बेटांकडं, बघालाय. मी खाली बघते.

२०१९ चा पहिला टीझर परत बघा. राजकन्या झेल्डा आणि लिंक मशाल घेऊन वाड्याच्या खाली उतरलेत. आकाश नाही, बेटं नाहीत, नुसता अंधार आणि तो वाळलेला मुडदा. म्हणजे ज्यांनी गेम केला त्यांनी पहिली गोष्ट काय दाखवली? जमिनीखालची. आकाश नंतर, २०२१ ला आलं. घरात पाहुणा आला की पहिल्यांदा ज्या खोलीत नेतात ती खोली महत्त्वाची असते.

दुसरं. मागच्या गेममधल्या यिगा टोळीचा म्होरक्या कोहगा आठवतो ना? लढाईत स्वतःच वर काढलेला काटेरी लोखंडी गोळा त्याच्यावरच उलटतो आणि तो त्या गोल खड्ड्यात पडतो. त्या खड्ड्याचा तळ कुणी बघितलाय? मी तिथं एकदा मुद्दाम उडी मारलेली. गेमनं उचलून परत काठावर आणून ठेवलं. एवढा मोठा खड्डा काय विनोदासाठी खणतात? कोहगा परत येणार आणि खालूनच येणार, लिहून ठेवा.

आता शत्रूंचं. आमच्या तालुक्यात भीमगडच्या रानात, तळेवाडीजवळ, बारापेडे गुहा आहेत. तिथं राटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळांची वसाहत आहे. जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी जात. अभयारण्य आहे, तिथं असं उठून जाता येत नाही, आणि जाऊही नये. पण आमच्या गावाकडच्या साध्या कपारीत सुद्धा सांजच्याला तोंडाशी उभं राहिलं की आधी वास येतो, मग गार हवा, मग आवाज, आणि मग शेवटी वटवाघूळ दिसतं. ह्याच क्रमानं. गेममधली कीस मात्र आधी दिसते आणि मग फडफडते. एक डोळा, दोन पंख, थेट अंगावर. मला ह्यावेळी असा अंधार पाहिजे की जिथं शत्रू आधी ऐकू येईल. तसं केलं तर तुमच्या नव्वद डोळ्यांचा दिवा लावायला तरी उपयोग होतो काय बघा.

असेंड ही नवी शक्ती बघून मात्र मी खरंच ओरडले. गुहेतून छत फोडल्यासारखं वर, थेट डोंगराच्या माथ्यावर. मागच्या गेममध्ये पाऊस लागला की हात घसरायचे, अर्ध्या कड्यावरून खाली. कणकुंबीत लिंक राहिला असता तर जून ते सप्टेंबर त्याला घराबाहेर पडता आलं नसतं. आता पाऊस आला की जवळची गुहा शोधायची आणि आतून वर जायचं. पण मग गुहेत कोणीतरी आपली वाट बघत बसलेलं असणारच ना? फुकट रस्ता कोण ठेवतंय.

पॅटर्नवाला_उद्यमबाग

"आधी वास, मग हवा, मग आवाज." हे भाच्याला वाचून दाखवलं. आता तो रात्री परसात एकटा जाईना. धन्यवाद ताई.

तालमीतला_अनगोळ | ३ एप्रिल

काय गा पॅटर्नवाले, शिंग बघून लढतोस? शिंग बघणाऱ्याला लायनेल आडवा करतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. मला शंभर नवे शत्रू नकोत. मागच्या गेममध्ये काय केलं? लाल बोकोब्लिन, निळा बोकोब्लिन, काळा, चंदेरी. मास्टर मोड, म्हणजे अवघड पातळी, घेतली तर सोनेरी. लांग बदलली म्हणून पैलवान बदलत न्हाई मर्दा. तोच गडी, तोच डाव, फक्त दम जास्त. मारून मारून हात दुखतोय, बाकी काय न्हाई.

पण लायनेल! झोरा ह्या माशासारख्या लोकांच्या गावावरच्या डोंगरात पहिल्यांदा पाठवतात ते आठव. विजेचे वीस बाण गोळा करून आण म्हणतात आणि वर हा उभा. मला कुणी सांगितलं नव्हतं की ह्याच्याशी लढायचं नसतंय, लपून बाण वेचायचे असतात. मी गेलो सरळ भिडायला. पहिल्या दणक्यात गेलो. दुसऱ्यांदा गेलो. सोळाव्या वेळेला कळालं की हा धावून यायच्या आधी पुढचा पाय जमिनीवर घासतोय. तालमीत वस्ताद हेच सांगतात, गड्याच्या डोळ्यात बघू नको, खांद्याकडं बघ. खांदा आधी हलतो. तसा ह्याचा खूर. मग बाजूला उडी बरोबर वेळेवर, वेळ थांबल्यासारखा होतोय, चार-पाच वार. तोंडावर बाण बसला की गुडघ्यावर येतोय, तेव्हा पाठीवर चढायचं. आणि पाठीवरून मारताना हत्यार झिजत न्हाई, हे मला दोन वर्षांनी कळालं.

असला एक शत्रू शंभराला भारी. म्हणून माझी मागणी: नवीन दोन-तीनच द्या, पण प्रत्येकाला स्वतःचा डाव पाहिजे आणि त्या डावाला तोड पाहिजे. त्या आकाशातल्या यंत्रमाणसांना बघितलं. दिसायला छान आहेत. पण चालताना त्यांचा खांदा हलत न्हाई. लाकडी बाहुली. मला जरा भीती वाटालीय.

आणि उडून वरनं जाणाऱ्यांना थांबवायचं कसं, सोपं आहे. आखाड्यात न उतरता कुस्ती जिंकता येत न्हाई असं करा. पंख्याला काहीतरी खर्च पाहिजे. सारखा फिरला तर कसलं यंत्र ते? घरचा पंखा सुद्धा लाईट गेली की थांबतोय. आणि लाईट तर रोज जातीय.

करदंट_गोकाक | ३ एप्रिल

नमस्कार अण्णा. घरात कन्नड, मराठी दोस्तांमुळं, तेवढं सांभाळून घ्या.

माझा प्रश्न घोड्याचा. मागच्या गेममध्ये मी पाच घोडे पाळले, एकावर पण नीट बसलो नाही, कारण डोंगर आला की घोडा खालीच राहतो. आता एवढं जोडता येतंय तर घोड्याला गाडी जोडता येईल काय? आमच्या भागात बैलगाडीची शर्यत बघत वाढलोय, मला चाक आणि जनावर एकत्र पाहिजे. गाडीत बॉम्ब भरायचे, घोडा सोडायचा, तळात घुसवायचं. (घोड्याला काय होऊ नये, ते बघा.)

आणि कुंद्याची पैज मी घेतली. गार्डियन येणार. एक तरी जुना, गंजलेला, रानात पडलेला उठणार. माझ्याकडून एक किलो करदंट, आमच्या गोकाकची मिठाई.

निपाणीकर_काका | ५ एप्रिल

चर्चा वाचून मजा आली. वयानं तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात हयात गेली, पण हा नाद जुना. थोडी भर घालतो.

पहिलं म्हणजे, इथं सगळे लायनेलबद्दल असं बोलतायत जणू तो २०१७ ला जन्मला. तो १९८६ च्या पहिल्याच खेळात होता. तेव्हा तो चार टिंबांचा होता आणि तलवारीच्या ठिणग्या फेकायचा, पण नाव तेच, डोंगराचा माथाही तोच. मोब्लिन, ऑक्टोरॉक, कीस हेही तेव्हाचेच. तेव्हा "नवा शत्रू कोण येणार" ह्याचं उत्तर शोधायचं तर मी जुनी वही उघडतो. २०१७ ला कोण आलं नव्हतं? ग्लीओक आला नव्हता, अनेक डोक्यांचा ड्रॅगन. पहिल्या खेळात त्याचं डोकं तोडलं तरी ते सुटं उडत अंगावर यायचं. गोहमा आली नव्हती, तिचा डोळा उघडेपर्यंत बाण हातात धरून थांबावं लागायचं. लाइक-लाइक आला नव्हता, जो तुम्हाला गिळतो आणि ढाल खाऊन टाकतो. आणि वॉलमास्टर, भिंतीतून निघणारा हात, जो पकडून भुयाराच्या दाराशी परत नेऊन सोडायचा.

आता ह्या चौघांना फ्यूजच्या शेजारी उभं करून बघा. ढाल खाणारा शत्रू, आणि ढालीवर आपण तासभर खपून काहीतरी चिकटवलंय! पॅटर्नवाले, तुम्हाला तो पहिला रडवणार. आणि "उडणाऱ्याला खाली ओढणारं काय असेल" ह्या तुमच्या प्रश्नाला तो हात हे माझं उत्तर आहे. उडणारा मोठा शत्रू पाहिजे असेल तर ग्लीओक. खानापूरच्या ताईंच्या अंधाराला तर हातासारखा शत्रू नाही.

दुसरं, तालमीतल्या पैलवानांना. दोनतीनच शत्रू द्या हे अर्धं खरं आहे. २०१७ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ब्रेथ ऑफ द वाइल्डचे दिग्दर्शक फुजिबायाशी आणि मंडळींनी सांगितलं होतं की त्यांनी त्या खेळात भौतिकीच्या जोडीला एक रसायनाचा नियम घातला: आग, पाणी, वीज, वारा हे वस्तूंवर काय करतात ह्याचे थोडेच नियम, पण ते सगळीकडं सारखे लागू. कल्पना तपासायला त्यांनी पहिल्या खेळासारखा दिसणारा सपाट नमुना करून बघितला होता. पॅटर्नवाल्यांना हे आवडेल, आधी लाकडी नमुना, मग रस. मुद्दा असा की तिथं शत्रूंची संख्या ही बेरीज नव्हती, गुणाकार होता. बोकोब्लिन एकच, पण पावसातला वेगळा, गवताला आग लागल्यावरचा वेगळा, हातात लोखंडी हत्यार असताना वीज पडली तर त्याचं काय होतं ते वेगळं. फ्यूजमुळं त्या गुणाकारात आणखी एक आकडा आला. म्हणून तुमच्या भाच्याची विळी मला सगळ्यात गंभीर अंदाज वाटतो. शत्रूंनाही जोडता येणार असेल तर चार रंगांच्या बोकोब्लिनचे चाळीस होतात, आणि करणाऱ्याला एकही नवा काढावा लागत नाही. हिशेबनीस म्हणून सांगतो, असा व्यवहार कोणी सोडत नाही.

जोड मोडणार की फांदी, ह्यात मात्र मी तुमच्या विरुद्ध. दोन्ही एकदम जाणार. खेळात जोड सुटून धोंडा परत मिळाला तर माणूस आयुष्यभर एकच धोंडा वापरेल. तुमच्यासारखा तर नक्कीच.

पॅटर्नवाला_उद्यमबाग | १४ एप्रिल

काका, कुठं आहात? काल रात्रीचा तिसरा ट्रेलर बघितला काय?

तुमचा ग्लीओक, तीन डोकी. तीन! पंख पसरून. मी स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन उभा होतो, कप तसाच राहिला. तुमची जुनी वही खरी ठरली. टीझरमधला तो मुडदा, म्हणजे खलनायक गॅनॉनडॉर्फ, आता मुडदा न्हाई, अंगापिंडानं भरलेला, बोलतोय. मागच्या गेममधली सीडॉन, रिजू वगैरे मंडळी लिंकच्या बाजूनं लढताना दिसली, म्हणजे आपण एकटे न्हाई. आणि चाकाच्या गाड्या इतक्या तऱ्हेच्या, की आमच्या मंडळाच्या चित्ररथवाल्यांना मी तेवढाच भाग सारखा दाखवालोय. एकानं विचारलं, "ह्याला परवानगी कोण देतंय?"

खानापूरच्या ताई, खड्ड्याचं अजून उघड केलं न्हाई त्यांनी. पण काळ्या-लाल धुरासारखं जे जमिनीतनं वर येतंय ते बघून तुमचंच खरं होणार असं वाटालंय. तालमीतले, तू एकदा त्या ड्रॅगनचा खांदा हलतो काय ते बघून सांग. पंख धरून तीनदा थांबवून बघितलं, मला कळंना.

गोकाकवाले, गार्डियन कालही दिसला न्हाई. पैज १२ मेपर्यंत आहे, मी अजून कुंदा आणलेला न्हाई, तुम्ही पण करदंट फोडू नका. घोड्याला गाडीचं मात्र तुमच्या बाजूनं मत द्यायला लागलोय.

भाच्याची परीक्षा संपली, आता तो मुक्कामालाच आहे. त्यानं ड्रॅगनवर ट्रेलर थांबवला आणि पडद्यावर बोट ठेवून मोजायला लागला. मला वाटलं डोकी मोजतोय.

"मामा, ह्याची शिंगं कुठं लावायची?"

विळीचं चित्र खोडून त्यानं नवीन काढायला घेतलंय. सुतळीचे वेढे आता अकरा झालेत. हे पान मी फाडून ठेवणार होतो, पण मागच्या बाजूला लसावि-मसावि आहे म्हणून बहीण देईना.

आणि एक कामाचं. आपल्याकडं अधिकृत विक्री न्हाई, सत्तर डॉलरच्या वर आणणाऱ्याचा नफा वेगळा, आणि मागच्या वेळी मी एका दुकानात आगाऊ पैसे भरून दीड महिना थांबलो होतो. तर कुणाचा माणूस मे महिन्यात बाहेरनं येणार असला तर माझं एक आणि काकांचं एक, अशी गेमची दोन कार्डं सांगून ठेवा. पैसे आधी देतो.